एक हात

चिठ्ठी चार ओळींची होती आणि त्यातली तिसरी ओळ पेंटरच्या घशात अडकून बसली. पहिल्या ओळीत नमस्कार होता. दुसरीत, कळवण्यास खेद होतो, असं होतं. चौथीत, चित्र आठ दिवसांत घेऊन जावे, नंतर कार्यालय जबाबदार राहणार नाही. बाकी सगळं छापील, पण तिसरी ओळ कुणीतरी पेनाने, हाताने लिहिली होती: "प्रदर्शनाच्या विषयाशी सुसंगत नाही. रंगाचा अभाव."

"अभाव," पेंटर म्हणाला. "अभाव म्हणजे काय गं नक्की?"

"म्हणजे नसणं, बाबा," लेक म्हणाली. ती दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि आई गेल्यापासून रोज संध्याकाळी डबा घेऊन यायची. "रंग नाहीत, असं म्हणायचंय त्यांना."

"ते कळलं मला. रंगाऱ्याच्या घरातून गेलेल्या चित्रात रंग नाहीत. वा."

मेहुणा खुर्चीत पाय वर घेऊन बसला होता. हा बायकोचा धाकटा भाऊ. बहीण गेल्यावर त्याने एकच काम अंगावर घेतलं होतं, रोज येऊन बसायचं. "भाऊजी, खरं सांगू का," तो म्हणाला, "मी पाहिलं होतं ते चित्र. मला वाटलं, अजून काढायचंय."

"तू गप्प बस."

"बसलो."

चित्र होतं असं: हातभर रुंद आणि त्याहून थोडं उंच प्लायवुड, त्यावर एकाखाली एक आडवे पट्टे. कपाटात चादरींच्या घड्या रचून ठेवाव्या तसे. सगळे पांढरे. ज्याला कळत नाही त्याला एकच पांढरा फळा दिसावा.

पण ज्याला कळतं त्याची गोष्ट वेगळी. पेंटरने तीस वर्षं लोकांच्या भिंती रंगवल्या होत्या, आणि त्याच्या बायकोने बावीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखान्यात काढली होती. चादर हातात घेतली की ती कोणत्या वॉर्डातली हे ती नुसतं बघून सांगायची. नीळ जास्त झालेला पांढरा, मशीनमध्ये वाळलेला, उन्हात वाळलेला, इस्त्रीखाली करपता करपता राहिलेला. नवराबायकोची भांडणंसुद्धा याच्यावरून व्हायची. हा म्हणायचा पांढरे फार तर सहा, ती म्हणायची तुमच्या डब्यांच्या झाकणावर सहा लिहिले असतील, जगात जास्त आहेत.

आणि शहरभरच्या चादरी पांढऱ्या करणाऱ्या या बाईला एक गोष्ट काही जमली नाही, नवऱ्याचा बनियन. घाम आणि रंग मिळून त्या कापडात असं काही बसायचं की सोडा झाला, उकळणं झालं, घासणं झालं, तो आपला तसाच. मेहुणा प्रत्येक सणासमारंभाला हा विनोद करायचा आणि ती प्रत्येक वेळी हसायची. "त्या बनियनपुढे मी हात टेकले," म्हणायची.

आजारपणात नोकरी सुटली तेव्हा ती घरी बसून त्याच्या डब्यांच्या तळाशी उरलेल्या ऑइलपेंटने प्लायवर काहीबाही काढायला लागली. आधी खिडकी काढली, मग बादली. मग पेपरात या प्रदर्शनाची जाहिरात आली. रंगांचा उत्सव, तीन परीक्षक निवड करणार, कुणीही भाग घ्यावा. तिने ती कापून ठेवली, अर्ज आणवला, स्वतः भरला, सही केली. चित्राचं नाव लिहिलं, 'सतरा पांढरे'.

"उत्सवात पांढरा?" पेंटरने विचारलं होतं.

"तुमचंच उदाहरण आहे डोळ्यापुढे. रंगवायला निघालात की आधी पांढराच मारता ना?"

मग ती म्हणाली ते त्याला शब्दन् शब्द आठवत होतं. प्रदर्शन भरायचं त्या कलामंडळाच्या हॉलच्या भिंती नऊ वर्षांपूर्वी त्यानेच रंगवल्या होत्या. "आयुष्यभर तुम्ही भिंती करता आणि लोक त्यावर आपापली चित्रं लावतात," ती म्हणाली. "तुम्ही केलेल्या भिंतीवर एकदा माझं काहीतरी लागू दे."

चित्र झालं तेव्हा तिने त्याला दाखवलं. तो म्हणाला, पट्टे वेगळे दिसतायत, एकसारखं नाही आलं. ती इतकी हसली की खोकला लागला. मग तिने ते जुन्या चादरीखाली झाकून ठेवलं आणि बजावलं, "अजून ओलं आहे. याला हात लावायचा नाही." त्याने लावला नाही. महिन्याभराने ती गेली.

चित्र हॉलवर पोचवायच्या दिवशी सकाळी पेंटरने चादर काढली आणि चित्र दाराच्या उजेडात नेलं. खाली डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढा डाग आला होता. पिवळट, मळकट, आणि त्यात बारीक बारीक हिरवे, तांबूस, काळपट ठिपके. ओल. ओल वर आली होती आणि तिच्यावर बुरशी धरली होती. तिने दाखवलं तेव्हा हा कोपरा स्वच्छ होता, हे त्याला पक्कं आठवत होतं. प्लाय मागून भिजलं असणार, त्याने भिंतीला टेकवून ठेवायलाच नको होतं.

अकरापर्यंत चित्र द्यायचं होतं. ऑइलपेंट मारावं तर वाळायला दिवस लागतो. पिशवीत डिस्टेंपरचा, भिंतीला लावायच्या पाण्यातल्या रंगाचा, अर्धा डबा होता; तो तासाभरात वाळतो. ऑइलवर डिस्टेंपर मारायचं नाही, साबणासारखं निघून येतं, हे त्याने आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलं होतं. पण डाग दिसतोय आणि तो सोडून द्यायचा, हे त्याच्या हाताला माहीतच नव्हतं. त्याने थोडा पिवळा आणि नखभर काळा घालून शेजारच्या पट्ट्याशी बरोब्बर मेळ जमवला आणि रंगाचा एक हात मारला. एकच. वाळल्यावर लांबून पाहिलं, जवळून पाहिलं. डाग होता म्हणून कुणी सांगितलं नसतं. निदान एवढं तरी तिच्यासाठी नीट केलं, असं वाटून त्याला त्या आठवड्यात पहिल्यांदा भूक लागली.

आणि आता ही चिठ्ठी.

"जाऊन भांडतो," पेंटर म्हणाला.

"भाऊजी, कलेतल्या माणसांशी भांडता येत नाही," मेहुणा म्हणाला. "ते आपण काय बोललो हेच आपल्याला समजावून सांगतात."

दुसऱ्या दिवशी तो हॉलवर गेला. दाराशी टेबल, टेबलामागे एक कारकून, त्याचा चष्मा दोरीने गळ्यात लटकत होता. त्याने चिठ्ठी घेतली, चष्मा लावला, वाचली, चष्मा काढला.

"चित्र न्यायला आलात?"

"न्यायला नाही. हे कुणी लिहिलं ते विचारायला आलोय."

"परीक्षकांनी."

"त्यांना भेटायचंय."

"परीक्षक भेटत नाहीत. नियम आहे."

"बरं. मग चित्र तर दाखवा, धड आहे ना बघतो."

"पोच आणलीत?"

पोच घरी राहिली होती. दुसऱ्या दिवशी तो पोच घेऊन आला. कारकुनाने चष्मा लावला आणि पोच उलटसुलट पाहिली.

"हे नाव बाईंचं आहे."

"माझी बायको."

"मग त्यांना यावं लागेल. कलाकाराने स्वतः यायचं असतं."

"ती येऊ शकत नाही."

"मग त्यांच्या सहीचं पत्र आणा. अमुक अमुक यांना चित्र देण्यास माझी हरकत नाही. दोन ओळी पुरतात."

पेंटरने टेबलाच्या कडेला हात ठेवला. टेबलाचं पॉलिश कुणीतरी घाईत केलं होतं, ओघळ तसेच वाळले होते. तो त्या ओघळांवरून अंगठा फिरवत राहिला. "ती वारली," तो म्हणाला. "दीड महिना झाला."

कारकुनाने चष्मा काढला. "अरेरे," तो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. पोच परत देत तो पुढे म्हणाला, "मग मृत्यूचा दाखला लागेल. झेरॉक्स चालेल."

घरी आल्यावर पेंटरने चप्पल इतक्या जोरात काढली की एक पलंगाखाली गेली. लेक डबा उघडत होती. त्याने सगळं सांगितलं. "म्हणे झेरॉक्स चालेल. उपकारच केले."

"बाबा, जाऊ द्या ना. आपण चित्र घरी आणू. आईला काही वाईट वाटणार नाही."

"तुला काय माहीत तिला काय वाटेल?"

लेकीने डब्याचं झाकण लावलं. "माझीही आई होती," ती म्हणाली. त्या रात्री जेवण कुणी नीट केलं नाही.

तिसऱ्या दिवशी तो झेरॉक्स घेऊन गेला तर टेबलामागे कुणीच नव्हतं. हॉल उघडा होता. आत चित्रं टांगायचं काम चाललं होतं. भिंतींना टेकवलेली मोठमोठी चित्रं, लाल, केशरी, निळी, एका चित्रात तर रंगाची ट्यूब पिळून तशीच चिकटवलेली. दोन माणसं शिडीवर चढून खिळे मारत होती. पेंटर दारातल्या बाकावर बसला. बसल्या बसल्या त्याची नजर चित्रांकडे जाईना, भिंतीकडेच जात होती. नऊ वर्षं झाली तरी भिंत बरी टिकली होती. मधे कुणीतरी जुने खिळे उपटून भोकं बुजवली होती, आणि बुजवताना वेगळाच पांढरा लावला होता. जागोजाग ठिगळं. शंभर माणसं येऊन जातील, एकालाही दिसणार नाहीत.

शिडीवरच्या माणसाने नवा खिळा धरला आणि हातोडी उचलली.

"तिथे नको," पेंटर बसल्या जागेवरून म्हणाला.

माणसाने मागे पाहिलं. "का?"

"मागून दिव्याची वायर गेलीय. वीतभर डावीकडे घ्या."

"तुम्हाला काय माहीत?" हा आवाज वेगळा होता. खांबाजवळ खुर्ची टाकून एक वयस्कर बाई बसली होती. केस आखूड, एक पाय स्टुलावर, गुडघ्याला पट्टा. मांडीवर कागदांची पाटी.

"ही भिंत माझी आहे," पेंटर म्हणाला.

"म्हणजे?"

"मी केली. भेगांत लांबी भरली, घासली, रंगाचे दोन हात दिले. वायर नंतर घातली, माझ्या कामावर चर मारून. विसरेन कसा."

बाई हसली. शिडीवरच्याला म्हणाली, "वीतभर डावीकडे घे रे." मग पेंटरकडे वळून, "कारकुनाकडे आलात का? तो चहाला गेलाय. त्याचा चहा लांब असतो."

"रंगाचा अभाव," पेंटर म्हणाला, "हे कुणी लिहिलं ते शोधायला आलोय. आजचा तिसरा दिवस."

बाईने हात पुढे केला. त्याने चिठ्ठी दिली. तिने वाचायला वेळ घेतला नाही. "माझं अक्षर आहे," ती म्हणाली. "बसा."

"बसूनच आहे तीन दिवस."

"मग उभे राहा. पण माझ्या डोक्यावर नको, मान दुखते."

पेंटरला तिचा राग करायचा होता आणि तो नीट जमेना, याचाही राग आला. त्याने मनात किती वेळा म्हणून पाहिलेलं सगळं बोलून टाकलं. पांढऱ्यात रंग नाही असं म्हणणाऱ्याने एकदा नव्या इमारतीत छत रंगवून दाखवावं. सकाळी पांढरा वेगळा असतो आणि दुपारी वेगळा. तुमच्याच या भिंतीवर या घडीला तीन पांढरे आहेत, पाहिलेत का? तो, तो आणि तो. आणि तुम्ही लिहिता अभाव.

बाईने भिंतीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "दोन दिसतात," ती म्हणाली. "आता तुम्ही दाखवल्यावर."

"तिला सतरा दिसायचे."

"चित्र आणा बघू. मागच्या खोलीत आहे, दाराच्या उजवीकडे. मी उठत नाही."

मागच्या खोलीत नाकारलेली चित्रं तोंडं भिंतीकडे करून उभी होती, शिक्षा केलेल्या मुलांसारखी. त्याला आपलं प्लाय पाठीवरूनच ओळखू आलं. तो घेऊन आला आणि त्याने ते खुर्चीवर खिडकीच्या उजेडात ठेवलं.

बाई पुढे वाकली. या वेळी तिने घाई केली नाही. "आम्ही ट्यूबलाइटखाली पाहिलं होतं," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "एकशे चाळीस चित्रं, दोन दुपारी." मग म्हणाली, "हो. आहेत. हा निळसर. हा जरा साईसारखा. हे दोन मला वेगळे करता येत नाहीत."

"वरचा मशीनमध्ये वाळवलेला. खालचा उन्हात."

"हे तुम्हाला चित्रात कळतं?"

"तिने सांगून सांगून कान किटवले होते. नाही कळणार तर काय."

"चांगलं काम आहे," बाई म्हणाली. "खोटं बोलणार नाही, मी अजूनही घेतलं असतं की नाही, सांगता येत नाही. विषय रंगांचा उत्सव. डोळ्याला कुठेतरी रंग लागावा, असं आम्हा तिघांचं ठरलं होतं. एवढासा जरी असता तरी मी बाकीच्या दोघांशी भांडले असते. नाव काय दिलंय?"

"सतरा पांढरे."

ती बोटाने मोजायला लागली. पेंटरही मनात मोजत होता. त्याने आजवर कधी मोजले नव्हते.

"सोळा," ती म्हणाली.

"परत मोजा."

तिने परत मोजले. "सोळाच."

"तिचं मोजणं चुकत नसे. रोज चारशे चादरी मोजून घ्यायची."

बाईने चित्र उलटं केलं. पाठीवर पेन्सिलीने बारीक लिहिलेलं होतं. "हे काय?"

"ते काही नाही. धुण्याची यादी. जो कागद, पुठ्ठा हाती येईल त्यावर लिहायची ती. प्लायसुद्धा सोडलं नाही."

"धुण्याची नाही वाटत." बाईने चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि वाचलं. "एक, नव्या ताग्याचा. दोन, पहिल्या धुण्याचा. तीन, नीळ जास्त झालेला. चार, नीळ विसरलेला."

पेंटर चित्राच्या दुसऱ्या बाजूला गेला आणि खाली बसला. बाई मागून वाचत होती आणि तो पुढून बघत होता. मशीनचा. उन्हाचा. बाळंतिणींच्या वॉर्डचा. ऑपरेशनचा, चौथ्या उकळीनंतर. इस्त्रीखाली करपता राहिलेला. प्रत्येक पट्टा आपापल्या जागी हजर होता. पंधरावा, यांच्या डब्यातला, झाकणावर नाव आहे तो. सोळावा, आपल्या छताचा, पलंगावरून दिसतो तसा.

इथे बाई थांबली. "सतरा," तिने वाचलं. "यांचा बनियन, संध्याकाळी." तिने चित्राच्या वरून डोकं बाहेर काढलं. "यांचा म्हणजे कुणाचा?"

पेंटर चित्राच्या खालच्या डाव्या कोपऱ्याकडे बघत होता.

पिवळट. मळकट. बारीक बारीक हिरवे, तांबूस, काळपट ठिपके.

"पाणी आहे का?" त्याने विचारलं.

बाईने स्टुलाखालची बाटली दिली. तिला वाटलं, प्यायला. त्याने खिशातला रुमाल काढून भिजवला, पिळला, आणि कोपऱ्यावर ठेवला. घासला नाही. नुसता दाबून धरला, मनात वीस आकडे मोजले, मग हळूच एका दिशेने ओढला. डिस्टेंपर पिठासारखं रुमालात आलं. ऑइलवर डिस्टेंपर टिकत नाही. त्याने रुमालाची घडी बदलली आणि पुन्हा ओढला.

खालून बनियन आला.

खांद्याचा पट्टा, काखेखालचा पिवळा, आणि त्यावर उडालेले शिंतोडे. चित्र त्याला दाखवून झाल्यावर, तो कामावर असताना, तिने एकेक ठिपका बारीक काडीने ठेवला असणार, ब्रशने इतका बारीक येत नाही. हा हिरवा बँकेच्या मागच्या खोलीचा. तांबूस शाळेच्या जिन्याचा, तीन आठवडे चाललं होतं ते काम. काळपट फाटकांचा. निळा दातांच्या डॉक्टरांचा, त्यांना आकाशी हवा होता आणि त्यांच्या बायकोला नको होता. बुरशीत त्याला हा निळा दिसला नव्हता. दोन ठिपके कसले ते त्याला आठवेनात. तिला आठवत होते.

"अगंबाई," बाई हळू म्हणाली.

"मला वाटलं, ओल आली," पेंटर म्हणाला. "दिसला डाग, मारला एक हात."

"तुम्ही?"

"वाळेपर्यंत हात लावू नका म्हणाली होती. वाळला होता."

शिडीवरची माणसं ठोकायची थांबली होती. बाईने त्यांना नजरेनेच कामाला लावलं. पेंटर रुमालाच्या कोऱ्या टोकाने कडेचं उरलेलं डिस्टेंपर टिपत होता, जखम पुसावी तसा. ते निघालं. खालचा तिचा रंग कणभरही हलला नाही. मेहनतीने मारलेला होता.

"हे आम्ही पाहिलं असतं तर," बाई म्हणाली आणि तिने वाक्य पुरं केलं नाही.

"तर काय? आता बघा की. हे काय समोर आहे."

"यादी छापून आलीय. परवा उद्घाटन. तिघांच्या सह्या झाल्यात, बाकीचे दोघं आपापल्या गावी गेले. मी एकटीने बदललं, तर नाकारलेले अजून शंभरजण उद्या दारात येतील, आणि त्यांचंही बरोबरच असेल."

"एक खिळा. त्या कोपऱ्यात जागा आहे. मी स्वतः मारतो."

"जागा आहे," बाई म्हणाली. "मला येत नाही ते करता."

पेंटरला ओरडायचं होतं. तीन दिवस त्याने तो आवाज या घडीसाठी जपून ठेवला होता. पण ओरडायचं कुणावर? कारकुनावर, जो चहाहून परतला होता आणि चष्मा हातात धरून दारात उभा होता? या गुडघा बांधलेल्या बाईवर? त्यांनी जे समोर होतं ते पाहिलं. समोर काय ठेवायचं ते त्यानेच ठरवलं होतं.

"पुढच्या वर्षी आणा," बाई म्हणाली. "मी असेन परीक्षक. असंच आणा, पुसून."

"पुढच्या वर्षी विषय काय आहे?"

बाईने कारकुनाकडे पाहिलं.

"रेषा," कारकून म्हणाला.

पेंटरच्या तोंडून जे निघालं ते हसणं होतं की काय, त्याचं त्यालाही कळलं नाही.

बाईने ती चिठ्ठी मांडीवर घेतली आणि पेन उघडलं. "निदान हे तरी खोडून देते. 'रंगाचा अभाव.' हे चुकीचं आहे, ते माझ्या अक्षरात राहायला नको."

ती पेन टेकवणार तोच त्याने चिठ्ठी ओढून घेतली. "राहू द्या," तो म्हणाला. "तुम्ही बरोबर लिहिलंत. अभाव मीच केला होता."

मग तो कारकुनापाशी गेला, दाखल्याची झेरॉक्स दिली, रजिस्टरवर सही केली. कारकून त्याच्याबरोबर फाटकापर्यंत आला आणि त्याने रिक्षा थांबवली. नियमात हे नसावं.

घरी लेक आणि मेहुणा दोघंही होते. पेंटरने चित्र टेबलावर उभं केलं आणि बाजूला झाला. लेकीने पाहिलं. ती जवळ गेली, कोपऱ्याजवळ वाकली, आणि तिने तोंडावर हात ठेवला.

मेहुणाही उठून आला. त्याने एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा पेंटरकडे. इतक्या वर्षांचा विनोद त्याच्या ओठावर आलेला दिसला. मग तो पुन्हा खुर्चीत जाऊन बसला आणि छताकडे बघायला लागला.

"घेतलं का त्यांनी?" लेकीने विचारलं.

"नाही."

"का?"

त्याने सांगितलं. सगळं सांगितलं, डिस्टेंपरसकट. कुणी त्याला बोललं नाही. बोललं असतं तर बरं वाटलं असतं.

"आता कुठे लावायचं?" लेकीने इकडेतिकडे पाहिलं.

लावायला भिंत नव्हती. रंगाऱ्याचं घर ते, चारही भिंतींना पोपडे. बायको दर वर्षी म्हणायची, यंदा आपलं घर करा, आणि तो दर वर्षी म्हणायचा, सीझन संपू दे. पलंगासमोरची भिंत सगळ्यात वाईट होती. आजारपणाचे शेवटचे महिने ती त्याच भिंतीकडे बघत होती, आणि भिंतीचा कंटाळा आला की छताकडे. त्या छताचा सोळावा नंबर लागला होता. भिंतीचा लागला नव्हता.

तुम्ही केलेल्या भिंतीवर माझं काहीतरी लागू दे.

पेंटरने सदरा काढून खुंटीला लावला आणि पिशवीतला खरवडायचा पत्रा काढला. पलंग ओढायला मेहुण्याला हाक मारली. पहिला पोपडा पत्र्याखाली आला तो ताटाएवढा सुटला. मागे जुना रंग, त्याच्यामागे त्याहून जुना.

"आज कशाला बाबा, उद्या करा."

"उद्या लांबी भरायची. मग घासायची, मग प्रायमर. प्रत्येक थर वाळू द्यायचा. आठ दिवस तरी जातील. घाई नाही करायची." तो खरवडत राहिला. धूळ बनियनवर बसत होती. "घाई केली की काय होतं ते बघितलं."

लेकीने पदर खोचला आणि खाली पडलेले पोपडे कागदावर गोळा करायला लागली. "रंग कुठला देणार?"

"पांढरा."

ती थांबली. टेबलापाशी जाऊन तिने चित्र उलटं केलं आणि यादीवर बोट ठेवलं.

"कितवा?" तिने विचारलं.